अनुवादातला वाटा

दया पवारांचे 'बलुतं' हे आत्मकथन ग्रंथालीने १९७८ साली प्रसिद्ध केले. दोन वर्षांत दामोदर खडसे यांनी ते हिंदीत नेले. १९९० साली गी पॉइट्वाँ यांच्या अनुवादातून ते फ्रेंच वाचकांपर्यंत पोहोचले. इंग्रजीत यायला मात्र २०१५ साल उजाडले. जेरी पिंटो यांचा तो अनुवाद आला तेव्हा मूळ पुस्तकाला सदतीस वर्षे झाली होती आणि खुद्द पवारांना जाऊन जवळपास दोन दशके लोटली होती. दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१७ साली या दिवसाला मान्यता दिली. या दिवशी अनुवादाचे गोडवे गायले जातात आणि ते गायलाच हवेत. पण 'बलुतं'सारख्या एकाच पुस्तकाचा प्रवास नीट पाहिला तरी कळते की अनुवादात ताकदीचा, पैशाचा आणि मानाचा प्रश्न पहिल्या पानापासून असतो. किंबहुना मुखपृष्ठापासूनच असतो.

हिंदीत या पुस्तकाचे नाव 'अछूत' झाले. फ्रेंच शीर्षकातही लेखकाचे अस्पृश्य असणेच पुढे आले. पवारांनी निवडलेले नाव वेगळे होते. गावकीची कामे करायची आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य मागायचे, ही महारकी त्या नावात आहे. तिच्यात लाचारी आहे, अपमान आहे, आणि केलेल्या कामाचा हक्काचा मोबदलाही आहे. ते नाव गेले आणि त्या जागी गावाने माणसावर मारलेला शिक्का आला. खडसे किंवा पॉइट्वाँ यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मराठीबाहेरच्या जगाला दलित आत्मकथनाची फारशी ओळख नव्हती अशा काळात या दोघांनी हे पुस्तक उचलले, त्याचे ऋण मोठे आहे. प्रश्न बाजाराचा आहे. दूरच्या वाचकाला पुस्तक विकायचे तर त्यातले दुःख आधी दिसले पाहिजे, हा हिशेब बाजार करतो, आणि त्यात माणसाने स्वतःला दिलेले नाव मागे पडते. पिंटो यांनी इंग्रजीत 'बलुतं' हेच नाव ठेवले. इंग्रजी वाचकाने थोडे कष्ट घ्यावेत, हा त्यांचा आग्रह आम्हाला रास्त वाटतो.

या पुस्तकाची रचना आठवा. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आहे आणि ती ऐकणारा आहे दया पवार. दोघे एकच. एक जण महारवाड्यातला आणि मुंबईच्या कावाखान्यातला, दुसरा शिकलेला, नोकरी करणारा, कविता लिहिणारा. दगडूचे जगणे लेखी मराठीत आणताना काय काय सुटते याची बोच त्या मांडणीतच आहे. म्हणजे परभाषेत जाण्याच्या कितीतरी आधी, मराठीच्या आतच एक अनुवाद होऊन गेला होता. ज्या मराठीत आपण वर्तमानपत्रे काढतो आणि शाळा चालवतो, त्या मराठीपर्यंत पोहोचायला दगडूला दया पवार व्हावे लागले.

नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'च्या वेळीही हेच घडले होते. १९७२ साली या कवितासंग्रहाला प्रस्तावना लिहिण्यापूर्वी विजय तेंडुलकरांनी ढसाळांकडून कवितांतल्या अनोळखी शब्दांचे अर्थ समजावून घेतले आणि त्यांच्यासोबत ते मुंबईतल्या गोलपिठ्याच्या वस्तीत हिंडले. तेंडुलकर मुंबईतच राहणारे, मराठी रंगभूमीवर ज्यांची भाषा गाजत होती असे नाटककार. त्यांनाही त्याच शहरातल्या, त्याच भाषेतल्या कवितेसाठी वाटाड्या लागला. त्यांनी तो मागितला आणि मागितल्याचे लपवले नाही. अनुवादाच्या नीतीचा पहिला धडा आम्हाला इथे दिसतो. जे आपले नाही त्याच्या दारात जायचे, विचारायचे, आणि सांगणारा जाणकार आहे हे मान्य करायचे.

जाणकार कोण मानायचा, हा प्रश्न परदेशातही उठला. २०२१ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीत अमांडा गोरमन या तरुण कृष्णवर्णीय कवयित्रीने कविता वाचली. त्या कवितेच्या डच अनुवादासाठी मारीके लुकास राइनेव्हेल्ड या गोऱ्या लेखकाची निवड झाली, गोरमन यांनी त्या निवडीला संमतीही दिली होती. पण कृष्णवर्णीय अनुवादक का शोधला नाही असा सवाल उठला आणि राइनेव्हेल्ड बाजूला झाले. कॅटलान भाषेतल्या अनुवादकाकडूनही काम काढून घेण्यात आले. त्या वादाचा आपल्याकडे बराच विपर्यास झाला. गोऱ्याने काळ्याचा अनुवाद करूच नये, असे काही तिथे म्हटले जात आहे, असा सूर लागला. खरा सवाल असा होता की इतक्या मोठ्या कामाची पहिली संधी ठरावीक वर्तुळातच का फिरते. महाराष्ट्रात हा सवाल आपण अजून नीट विचारलेलाच नाही. मराठी दलित साहित्याचे गाजलेले इंग्रजी अनुवाद बहुतांशी दलितेतर अनुवादकांनी केले आहेत. दिलीप चित्रे यांनी ढसाळांना इंग्रजीत नेले ते अनेक वर्षांच्या मैत्रीतून, आणि ते काम थोर आहे. माया पंडित यांनी बेबीताई कांबळे आणि ऊर्मिला पवार यांना इंग्रजीत नेले. ही नावे वजा केली तर हे साहित्य जगाला कळलेच नसते. तरीही दलित घरातून आलेला, इंग्रजीवर हुकमत असलेला तरुण अनुवादक प्रकाशकांच्या यादीत किती वेळा येतो, हा प्रश्न या नावांचा मान राखूनच विचारायला हवा. जन्माने अनुवादाचा हक्क मिळत नाही, हे खरे. पण जन्माने संधी मात्र आजही मिळते आणि नाकारली जाते.

बेबीताईंच्या पुस्तकाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. फलटणला त्यांचे छोटे दुकान होते. माल बांधायला आणलेल्या रद्दी कागदांवरचा मजकूर त्या वाचत बसत. तिथेच लिहू लागल्या आणि लिहिलेले वर्षानुवर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले. फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन बाहेर आले, 'स्त्री' मासिकात क्रमशः छापले गेले आणि 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. वहीच्या या लपवाछपवीची हकीकत बेबीताईंनी माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत तपशिलाने येते, आणि ती मुलाखत २००८ च्या इंग्रजी आवृत्तीत आहे. पुस्तकात सासुरवासाचे, बायकांना होणाऱ्या मारहाणीचे वर्णन आहे. पण ते समाजातल्या बायकांचे म्हणून आहे, स्वतःच्या संसाराबद्दल बेबीताई तिथे फारसे बोलत नाहीत. त्या बोलल्या त्या अनुवादिकेपाशी. अनुवादिका त्यांच्याकडे गेली, समोर बसली, आणि मराठी समीक्षकांनी फारसे न विचारलेले प्रश्न तिने विचारले. याचा आनंद आहे, पण खंतही आहे. आपल्याच भाषेतल्या लेखिकेला काय विचारायचे राहून गेले, हे इंग्रजी पुस्तकातून कळावे, ही मराठी साहित्यव्यवहाराने मनाला लावून घ्यावी अशी गोष्ट आहे.

आता अनुवादकाकडे वळू. त्याचा वाटा किती? २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराची ५० हजार पौंडांची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटली जाते. २०२२ साली गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल, २०२५ साली बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती, अशी दोघींचीही नावे एकाच दमात घेतली गेली. भास्ती यांनी मुश्ताक यांच्या तीसेक वर्षांच्या कन्नड लेखनातून बारा कथा निवडल्या, आणि इंग्रजी वाचकाच्या सोयीसाठी कन्नड-उर्दू शब्द तिरप्या टाइपात घालणे किंवा तळटीपा देणे नाकारले. कथा कोणत्या, क्रम कोणता, वाचकाला किती समजावून सांगायचे आणि किती नाही, हे सगळे निर्णय अनुवादिकेचे. अर्धा पुरस्कार तिच्या पदरात औदार्यापोटी पडलेला नाही. आपल्या साहित्य अकादमीने अनुवाद पुरस्कार १९८९ मध्येच सुरू केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मुख्य पुरस्कार एक लाखाचा आणि अनुवादाचा ५० हजारांचा, हा फरक अजून तसाच आहे. अनुवाद म्हणजे दुय्यम काम, ही समजूत त्या आकड्यातून दरवर्षी नव्याने पक्की होते.

मराठी प्रकाशनव्यवहारात तर अनुवादित पुस्तकांचा भरणा मोठा आहे. दुकानात पुढच्या टेबलावर निम्मीअधिक पुस्तके इंग्रजीतून आलेली दिसतात. त्यांच्या अनुवादकांना बहुधा पानामागे ठरावीक दराने एकरकमी पैसे मिळतात. पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या तरी त्यात त्यांचे काही नसते. जाहिरातीत नाव नसते, परीक्षणात शेवटच्या ओळीत 'अनुवाद सरस उतरला आहे' एवढे प्रमाणपत्र मिळते. २०२१ च्या अनुवाद दिनी ओल्गा तोकार्चुक यांच्या अनुवादिका जेनिफर क्रॉफ्ट आणि कादंबरीकार मार्क हॅडन यांनी एक खुले पत्र काढून अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर हवे अशी मागणी केली आणि शेकडो लेखकांनी त्यावर सह्या केल्या. मराठीत मुखपृष्ठावर नाव छापण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, ती जपली पाहिजे. कमी पडतो तो करार. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात अनुवादकाला चांगले संरक्षण आहे. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क विकून टाकल्यावरही आपल्या कामावर आपले नाव असण्याचा हक्क उरतोच. ही कलमे अनेक अनुवादकांना माहीत नसतात आणि कोणी आपणहून सांगत नाही. त्यात आता यंत्राने काढलेल्या कच्च्या मजकुरावर हात फिरवून देण्याचे काम कमी दरात माथी मारले जाण्याची भीती आहे. वाक्य यंत्राने जुळवले तरी कुठे थांबायचे, काय न बोलता सोडायचे, याची जबाबदारी माणसावरच येते. मोबदला त्या जबाबदारीचा असतो.

मराठीने थेट अनुवादाची एक उज्ज्वल परंपरा पाहिलेली आहे. उमा कुलकर्णी यांनी कन्नड लेखक भैरप्पांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' यांसारख्या कादंबऱ्या मराठीत आणल्या तेव्हा त्यांचे पती विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि उमाताई ते ऐकत ऐकत मराठीत लिहीत. कन्नड त्यांच्या कानातून आले, इंग्रजीचा वळसा घेऊन आले नाही. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांनी अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांकडून रशियन पुस्तके मराठीत आणली. त्यामागे सोव्हिएत सरकारचा पैसा आणि राजकारण होते. अमेरिकाही त्या काळात भारतीय भाषांतल्या अनुवादांना पैसा पुरवत होती. दोन महासत्तांच्या त्या चढाओढीत स्वस्त, सचित्र, सुरेख छापलेली पुस्तके खेड्यापाड्यातल्या मराठी मुलांच्या हाती पडली. १९९१ नंतर तो ओघ आटला. पुण्याचे 'केल्याने भाषांतर' हे नियतकालिक परकीय भाषांतून साहित्य थेट मराठीत आणण्याचा हट्ट चालवते, त्याला जितके वाचक मिळतील तितके थोडेच. एरवी मलयाळम किंवा बंगाली कादंबरीही आज आपल्याकडे इंग्रजी अनुवादावरून येऊ लागली आहे. शेजारच्या घरात काय चालले आहे हे लंडनहून विचारून घेण्याची ही सवय मोडली पाहिजे. मामा वरेरकर बंगालीतून शरच्चंद्र आणत होते, का. श्री. श्री. खांडेकरांना तमिळमध्ये नेत होते, तेव्हा मध्ये इंग्रजीची गरज पडत नव्हती.

अनुवादाच्या हक्कासाठी भारताने जगाशी भांडण केले आहे, हे आज कोणाला आठवत नाही. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत भारताच्या पुढाकाराने नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी मागणी केली की पाश्चात्त्य पुस्तकांचे अनुवाद करणे आम्हाला सुलभ व्हावे, ज्ञानाची किंमत आम्हाला परवडेल अशी असावी. श्रीमंत देशांतल्या प्रकाशकांनी कडाडून विरोध केला. १९७१ च्या पॅरिस परिषदेत तडजोड झाली आणि १९८३ साली तिच्या अनुषंगाने आपला कायदा सुधारला गेला. मोठ्या भाषेने छोट्या भाषेशी न्यायाने वागावे, ही त्या भांडणामागची भूमिका होती. आम्हाला ती पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच एक प्रश्न मराठीने स्वतःला विचारला पाहिजे. इंग्रजीपुढे मराठी छोटी आहे. पण कोकणीपुढे, गोंडीपुढे, भिलीपुढे, कोरकूपुढे मराठी कोण आहे?

कोकणी ही मराठीची बोली, असे आपण दीर्घकाळ ठासून सांगत आलो. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेली. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो या दोघांना ज्ञानपीठ मिळाले. मावजो यांचे लेखन मराठीत अनुवादित होऊन आले आहे. आपल्याच भाषेतल्या पुस्तकाचा कोणी अनुवाद करत नाही. मराठी प्रकाशक कोकणी पुस्तकावर 'अनुवाद' असे छापतो तेव्हा तो कोकणीचे वेगळेपण मान्य करत असतो. ठरावांनी आणि मोर्चांनी जे कटुतेने करून घ्यावे लागले, ते अशा एका पुस्तकाने सौजन्याने होते. असे अनुवाद आणखी हवेत, आणि उलट दिशेनेही हवेत.

गोंडी आणि भिलीचे चित्र मात्र उदास आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख नोंदले गेले. दोन्ही आकडे कोकणीपेक्षा मोठे आहेत. तरी या भाषा अनुसूचीत नाहीत, अकादमीच्या चोवीस भाषांच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्यांत केलेल्या अनुवादाला तिथला अनुवाद पुरस्कारही नाही. गडचिरोलीतले गोंड मूल शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी शिकते. गोंडीतले काही मराठी मुलाच्या पाठ्यपुस्तकात किती वेळा येते? गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि अरुण जाखडे यांनी संपादित केलेला त्याचा महाराष्ट्राचा खंड पद्मगंधा प्रकाशनाने काढला. त्यात या राज्यात किती भाषा नांदतात ते दिसते. त्या खंडातून पुढे कथा, गाणी, आठवणी मराठीत येण्याचा जो ओघ सुरू व्हायला हवा होता तो झाला नाही. लोककथा गोळा करण्याचे काम झाले, पण पुष्कळदा सांगणाऱ्याचे नाव गळाले आणि गोळा करणाऱ्याचे तेवढे राहिले.

तसे होऊ न देता काम करता येते याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 'बलुतं' फ्रेंचमध्ये नेणारे तेच गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड काम उभे केले. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया. आता हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर इंग्रजी अनुवादासह येतो आहे. तिथे ओवीखाली बाईचे नाव असते, गाव-तालुका असतो, जात असते, मुलेबाळे किती आणि काम काय ते असते, शक्य तिथे तिचा फोटो आणि आवाज असतो. मुळशी तालुक्यातल्या एखाद्या बाईने दळताना आईला, भावाला, विठोबाला, बाबासाहेबांना उद्देशून म्हटलेली ओवी इंग्रजी वाचकापुढे जाते ती तिच्या नावाने जाते. 'अज्ञात लोककवयित्री' असे लिहून कोणी तिला पुसून टाकलेले नाही. अनुवाद करणाऱ्यांचीही नावे तिथे आहेत. या कामात श्रेय ज्याचे त्याला मिळाले आहे.

अनुवाद दिनानंतर तीन दिवसांनी ३ ऑक्टोबर येतो. २०२४ साली याच तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. अभिजात म्हणून जो निधी आणि मान मिळेल त्यातून प्राचीन ग्रंथांचे संशोधन व्हावे, मराठीतले उत्तम ते इंग्रजीत आणि इतर भाषांत जावे, या मागण्या होतील आणि त्या योग्यच आहेत. त्यांच्या जोडीला आमच्या आणखी काही मागण्या आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने गोंडी, भिली, कोरकू, कोलामी, अहिराणी यांतून मराठीत आणि मराठीतून या भाषांत अनुवादाची कायमची योजना आखावी. त्या त्या समाजातल्या तरुणांना अनुवादक म्हणून नेमावे, त्यांना प्रशिक्षण आणि पुरेसा मोबदला द्यावा. कथा सांगणाऱ्या आणि गाणे गाणाऱ्या माणसाचे नाव अनुवादकाच्या नावाच्या वर छापावे आणि मानधनात त्याचा हिस्सा ठेवावा. सरकारी अनुदानातून निघणाऱ्या प्रत्येक अनुवादित पुस्तकासाठी लेखी करार सक्तीचा असावा आणि त्यात दुसऱ्या आवृत्तीपासून तरी अनुवादकाला स्वामित्वधन असावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. मंडळाच्या एका बैठकीत हे ठरू शकते.

गोंडी आणि भिलीतून आलेली पहिली दहा पुस्तके कदाचित खपणार नाहीत. त्यांची भाषा आपल्या कानाला अडखळती वाटेल, त्यातली दैवते आणि नातीगोती अनोळखी वाटतील. जेरी पिंटो यांनी 'बलुतं' हे नाव बदलले नाही तेव्हा इंग्रजी वाचकाकडून जी तयारी अपेक्षिली, तीच मराठी वाचकाने इथे दाखवायची आहे. ग्रंथालयांनी ती पुस्तके घ्यावीत, शाळांनी वाचून दाखवावीत, वर्तमानपत्रांनी त्यांची परीक्षणे छापावीत. आमच्या पानांवर त्यांना जागा असेल.